पार बांधताना : साताऱ्यातल्या कामाच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

पोवई नाक्याजवळच्या खोलीत पहिली बैठक झाली. आम्ही पाच जण: मी, कॉलेजात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम, त्यांचे शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी आणि ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालेले अण्णा.

जिल्ह्यात ग्रामपंचायती-नगरपंचायतींसाठी कुणी ना कुणी छोटी सॉफ्टवेअर लिहून ठेवली आहेत. घरपट्टीची मागणी बिलं छापणारं एक, टँकरच्या खेपा नोंदवणारं एक, दिवाबत्तीच्या तक्रारी घेणारं एक. काही कॉलेजच्या पोरांनी प्रोजेक्ट म्हणून केलेली, काही ग्रामनिधीतून पैसे देऊन करून घेतलेली. सगळी कुणाच्या तरी लॅपटॉपवर नाहीतर पेनड्राइव्हवर. माणमध्ये टँकरसाठी झालेलं काम खटावात माहीत नसतं. दोन्ही तालुके दुष्काळी, खेपांचं कोष्टक तेच, तरी दोनदा खर्च.

हे एका जागी आणायचं. कोड, तक्रारी, मराठी भाषांतर, वापराची माहिती, आणि कुठलं सॉफ्टवेअर कुठे चालू आहे याची यादी, सगळं एकाच लॉगिनवर. नाव काय द्यायचं यावर अण्णा म्हणाले, "गावात चार माणसं बसून विषय निकाली काढतात कुठं? पारावर." नाव ठरलं. पार.

१८ जून

दोन दिवस वाचनात गेले. हा विचार आपल्याला पहिल्यांदा सुचलेला नाही, आणि ते बरंच आहे. युरोपीय आयोगाने २००८ मध्ये सरकारी मुक्त सॉफ्टवेअरसाठी (ज्याचा कोड कुणालाही बघता, बदलता येतो) ओएसओआर हे संकेतस्थळ सुरू केलं आणि डिसेंबर २०११ मध्ये ते दुसऱ्या एका संकेतस्थळासोबत 'जॉइनअप' या एका छताखाली आणलं. आपल्याकडे केंद्राने २०१५ मध्ये दोन धोरणं काढली: एक सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं, दुसरं सरकारी सॉफ्टवेअरचा कोड खुला करून मिळून काम करण्याचं. त्यातूनच पुढे 'ओपनफोर्ज' हे सरकारी कोड ठेवायचं संकेतस्थळ आलं. म्हणजे धोरण आहे, दिल्लीत जागाही आहे. आपल्या तालुक्यातला संगणक परिचालक तिथवर पोचत नाही, एवढंच अंतर आहे. आपलं काम या अंतराचं.

इटलीची एक गोष्ट मनाला फार पटली. तिथल्या डिजिटल प्रशासन संहितेच्या ६९ व्या कलमानुसार कार्यालयांनी करून घेतलेलं सॉफ्टवेअर खुल्या परवान्याखाली इतर कार्यालयांना द्यावं लागतं. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये 'पब्लिककोड.वायएमएल' नावाची एक छोटी फाइल असते. नाव, परवाना, कोणत्या भाषेत चालतं, काम कुठवर आलं, देखभाल कोण करतं, सगळं तीत लिहिलेलं. यादी तयार करणारा प्रोग्रॅम या फाइली वाचत फिरतो. यादी हाताने भरायची नाही, म्हणून ती शिळी होत नाही. देखभालीच्या रकान्यात 'कुणीच नाही' असंही लिहिता येतं. हा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटला. ज्याला वाली नाही ते सॉफ्टवेअर चालू असल्यासारखं दाखवलं, की घेणारं गाव फसतं.

हीच फाइल जशीच्या तशी घ्यायची. नवा साचा पाडायचा नाही.

२१ जून

साधनं ठरली. सर्व्हर ४ जीबी मेमरीचा, मुंबईतल्या डेटा सेंटरमधला. कोड ठेवायचं गिटलॅब त्यावर धड चालेना, पानं उघडायला वेळ लागत होता. मग त्याच कामाचा फोर्जेजो बसवला. तो हलका आहे, २०२२ मध्ये 'गिटी' नावाच्या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळा निघाला, आणि गेल्या वर्षापासून जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे. भाषांतरासाठी वेबलेट: भाषांतर करणाऱ्याला कोड उघडावा लागत नाही, आणि केलेलं भाषांतर थेट गिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था) जाऊन बसतं.

एकाच लॉगिनसाठी मुलं कीक्लोक ही स्वतंत्र लॉगिन-सेवा घेऊ म्हणत होती. मी नको म्हटलं. फोर्जेजो स्वतःच ओळख देणारा म्हणून काम करतो, वेबलेट त्याच्याकडे विचारू शकतो. सांभाळायला एक सेवा कमी. आम्ही पाच जण आहोत आणि बहुतेक जण दिवसभर दुसरीकडे गुंतलेले असतो, हे विसरून काही बांधायचं नाही.

२८ जून, शनिवार

माउलींची पालखी फलटणला. मॅडमच्या माहेरची दिंडी असल्यामुळे त्या तिकडे. आम्ही चौघांनी परवान्याचं काम घेतलं.

गोळा केलेल्या सात सॉफ्टवेअरपैकी पाचात परवाना नाही. पोरांना वाटत होतं की कोड दिला म्हणजे मोकळा झाला. तसं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. लिहिणाऱ्याने परवाना दिला नाही तर दुसऱ्याला तो वापरायचा, बदलायचा हक्क आपोआप मिळत नाही. उद्या एखाद्या गावाने तो घेतला आणि कुणी हरकत घेतली, तर भुर्दंड गावाला.

वेबवर चालणाऱ्यांसाठी एजीपीएल या परवान्याची तिसरी आवृत्ती घेऊ असं माझं मत आहे. साधा जीपीएल सॉफ्टवेअर हातात दिलं तरच लागू पडतो. एजीपीएलच्या १३ व्या कलमाने, बदललेलं सॉफ्टवेअर सर्व्हरवरून वापरायला दिलं तरी वापरणाऱ्याला कोड मागता येतो. गावच्या पैशाने केलेल्या कामात सुधारणा करून ती कुणी कुलपात ठेवू नये, एवढाच हेतू.

युरोपीय संघाचा स्वतःचा परवाना आहे, ईयूपीएल. तो २३ भाषांत आहे आणि प्रत्येक भाषेतला मजकूर सारखाच अधिकृत आहे. हे वाचून बराच वेळ गप्प बसले होते. आपल्याकडे सरपंचाने सही करायची ती इंग्रजी मजकुराखाली. अधिकृत मराठी परवाना करणं आपल्या हातात नाही, पण प्रत्येक परवान्याचा अर्थ मराठीत एका पानात लिहून शेजारी ठेवता येईल. ते पान अण्णा लिहिणार.

९ जुलै

कऱ्हाड तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत गेलो होतो. घरपट्टीचं सॉफ्टवेअर तिथे दोन वर्षं चालू आहे. पाऊस धरून होता. कार्यालयात ग्रामसेवक भाऊसाहेब (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात कुणी तसं म्हणत नाही), शिपाई आणि संगणक परिचालक ताई.

ताईंनी न विचारताच तक्रार सांगितली. "मॅडम, ह्यात माणसं हरवतात."

म्हणजे काय ते त्यांनी करून दाखवलं. शोधाच्या चौकटीत 'कऱ्हाडकर' टाइप केलं. काही सापडत नाही. मग नमुना ८ ची (घरांच्या कर आकारणीची यादी) छापील प्रत काढली, बोट ठेवलं: तिथे कऱ्हाडकर आडनावाचं घर आहे. स्क्रीनवर खाली सरकत जाऊन दाखवलं: तिथेही आहे. डोळ्यांना दिसतं, शोधाला सापडत नाही. गेल्या वर्षी त्यांना वाटलं नोंद राहिलीच असेल, म्हणून त्यांनी नवं खातं उघडलं. त्या घराला दोन मागणी बिलं गेली. आजोबा दोन्ही बिलं घेऊन भर उन्हात कार्यालयात आले. "म्या दोन घरं कवा बांधली?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मला खाली बघावं लागलं, असं ताई सांगत होत्या.

ही तक्रार त्यांनी दीड वर्षापूर्वीच सॉफ्टवेअर करणाऱ्या मुलाला फोनवर सांगितली होती. मुलगा तेव्हा कॉलेजात होता, आता बेंगळुरूला नोकरीला आहे. तक्रार त्याच्या फोनमध्ये राहिली. पार बांधायचा तो याचसाठी, हे मला आज नीट कळलं. कोड तर पेनड्राइव्हवरही जिवंत राहिला असता. ताईंचं ते एक वाक्य कुठेच नोंदलं गेलं नव्हतं.

परत येताना गाडीतच पहिली तक्रार नोंदवली. शीर्षक ताईंच्याच शब्दांत: 'ह्यात माणसं हरवतात.'

१२ जुलै, शनिवार

कारण सापडलं. कऱ्हाडमधला ऱ, साताऱ्यातला ऱ, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. (या वाक्यातल्याच तीन शब्दांत आलाय.) एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी संगणकाची पद्धत) यू+०९३१, आणि त्याला हलंत. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टबरोबर जे दाबून मिळतं ते हे. दुसरी जुनी रीत: साधा र, हलंत, आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडवर्ण, झेडडब्ल्यूजे. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीत ही रीत होती, नंतर पहिली आली, आणि जुना मजकूर बिघडू नये म्हणून दोन्ही चालू ठेवल्या. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक. संगणकाला वेगळे शब्द.

गावाची मूळ यादी एका जुन्या एक्सेल फाइलमधून आली होती, त्यात सगळे ऱ जोडवर्णाचे. ताई टाइप करतात तो पहिल्या प्रकारचा.

मुलांपैकी एकाने संध्याकाळी दुरुस्ती लिहिली: शोधण्यापूर्वी न दिसणारे सगळे जोडवर्ण काढून टाकायचे. चाललं! कऱ्हाडकर सापडले असं वाटून आम्ही चहा मागवला.

१३ जुलै

अण्णांनी दुरुस्ती मोडून दाखवली. कोड त्यांना वाचता येत नाही, त्यांनी दोन शब्द दिले: 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना'. स्वयंपाक करणारे आणि शिकवणारे. मग 'दऱ्या' आणि 'दर्या'. जोडवर्ण काढला की अर्धा ऱ उडून त्याचा रफार होतो, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. शिवाय जुन्या यादीतला कऱ्हाडकर 'कर्‌हाडकर' सारखा झाला आणि ताईंच्या ऱ शी तरीही जुळला नाही. काल सापडला तो आम्ही स्वतः जुन्या पद्धतीने टाइप केला होता म्हणून.

शेवटी बरोबर रीत अशी ठरली: र, हलंत, जोडवर्ण या तिघांची साखळी दिसली तरच तिच्या जागी ऱ आणि हलंत ठेवायचं. बाकी जोडवर्णांना हात लावायचा नाही. साठवलेली यादी आणि शोधाचा शब्द, दोन्हींवर हेच करायचं. चार ओळींचा बदल. पण तपासण्या वीस लिहिल्या, आणि त्यातल्या बारा अण्णांच्या.

जाता जाता दुसरंही दिसलं. यादी अकारविल्हे लावताना ळ हा ल च्या लगेच नंतर येतोय, कारण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक शेजारी आहेत. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर. वेगळी तक्रार नोंदवून ठेवली.

२ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस भाषांतराचा. वेबलेटमध्ये फोर्जेजोचा मराठी मजकूर भरायला घेतला आणि 'पुल रिक्वेस्ट'वर अडलो. मुलांनी 'ओढ विनंती' सुचवलं. मी 'बदल-प्रस्ताव' म्हटलं. मॅडम म्हणाल्या, पुल रिक्वेस्टच ठेवा, सगळे तेच म्हणतात. त्यांचं खरं आहे, पण सगळे म्हणजे आपण पाच. ताई म्हणत नाहीत.

अण्णांनी विचारलं, यात होतं काय ते नीट सांगा. मी सांगितलं: एक जण बदल मांडतो, दुसरा तपासून मान्य करतो, मग तो मूळ कोडमध्ये जातो, आणि कुणी मांडला, कुणी मान्य केला, कधी, हे कायमचं नोंदलं जातं.

अण्णा म्हणाले, "हा ठराव झाला की. सूचक एक, अनुमोदक एक."

खोलीत एकदम उजेड पडल्यासारखं झालं. अण्णांनी चौतीस वर्षं ठराव लिहिले आहेत. प्रत्येक सभेचा पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. प्रोसिडिंग बुकात खाडाखोड चालत नाही, चुकलं तर नव्या ठरावाने दुरुस्त करायचं, जुनं पान फाडायचं नाही. लिनस टोरवाल्ड्‌सने २००५ मध्ये लिहिलेलं गिट नेमकं हेच करतं. आम्ही मुलांना दोन वर्षं जे शिकवतो ते गावातल्या प्रत्येक पंचाला आधीपासून येतं. त्याला ते कुणी त्याच्या शब्दांत सांगितलं नव्हतं.

मग भराभर झालं. पुल रिक्वेस्ट: ठराव. ती मांडणारा: सूचक. तपासणारा: अनुमोदक. मर्ज: ठराव मंजूर. इतिहास: इतिवृत्त. इश्यूला (अडचण किंवा सूचना नोंदवायची जागा) 'तक्रार' म्हणावं की 'विषय' यावर तासभर गेला. तक्रार म्हटलं की लोक बिचकतात, सूचना करायला येत नाहीत. पण ताई जे सांगत होत्या ती तक्रारच होती, आणि तिला सौम्य नाव द्यायचं मला पटेना. दोन्ही ठेवले, निवड नोंदवणाऱ्याची. ब्रँचसाठी (मूळ कोडला धक्का न लावता बाजूला काढलेली प्रत) 'फांदी' चांगला आहे, पारावर झाड असतंच. कमिट (नोंदवलेला एकेक बदल) मात्र कमिटच राहिला.

इथून पस्तीस किलोमीटरवर वाईत विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलं. पहिला खंड १९७६ चा. एकेका विषयाच्या परिभाषेवर माणसांनी किती बसकण मारली असेल, याचा आज थोडा अंदाज आला.

१३ ऑगस्ट

वाईट दिवस.

टँकरच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या कोडमध्ये चाचणीसाठी म्हणून खऱ्या डेटाची फाइल पडलेली निघाली. एका वाडीतल्या कुटुंबप्रमुखांची नावं आणि मोबाइल नंबर. आम्ही कोड सगळ्यांसाठी खुला करून नऊ दिवस झाले होते. तपासणी मी केली होती, मला दिसली नाही.

फाइल पुसून भागत नाही, इतिवृत्तात ती राहतेच. प्रोसिडिंगचं पान फाडायचं नाही हा गिटचा गुण इथे आडवा आला. कोड तात्पुरता बंद केला, फिल्टर-रेपो हे साधन चालवून संपूर्ण इतिहासातून ती फाइल काढली, आणि ज्या दोघांनी प्रती घेतल्या होत्या त्यांना फोन करून त्या पुसायला सांगितल्या. दोघांनीही पुसल्या. मग सरपंचांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, गावात सांगा. रविवारी जाऊन सांगणार आहे.

आजपासून नियम: कुठलंही जुनं सॉफ्टवेअर पारावर येण्यापूर्वी त्याचा पूर्ण इतिहास दोघांनी तपासायचा, फक्त आजची फाइल बघून चालणार नाही. तक्रारीसोबतचे फोटोही आपोआप जाहीर होणार नाहीत. नमुना ८, ९ च्या फोटोत माणसांची नावं असतात, पावतीत रकमा असतात. कुणीतरी झाकून घेईल तेव्हाच फोटो दिसेल. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे म्हणून हे करायचं, आणि नसता तरी करायचं. त्या वाडीतल्या माणसांनी टँकरसाठी नंबर दिला होता.

१७ ऑगस्ट

वाडीत जाऊन आले. देवळात तीसेक माणसं होती. बोलले. एका आजींनी विचारलं, आता तो नंबर कुणाकडं हाय? माझ्याकडे नाही, सर्व्हरवर नाही, असं सांगितलं. त्यापलीकडे खात्री देता येत नाही हेही सांगितलं.

५ सप्टेंबर

गणपतीत काम बंद. उद्या विसर्जन.

१३ सप्टेंबर, शनिवार

कार्यादेशाचा नमुना तयार केला. परवान्यावर जेवढं डोकं चालवलं त्याहून जास्त इथे चालवायला हवं होतं, असं आता वाटतं.

एका नगरपंचायतीची हकिगत याला कारण. नाव लिहीत नाही. पाणीपट्टीचं सॉफ्टवेअर घेतलं, वार्षिक देखभालीचा करार संपला, नव्या वर्षाचा दर परवडला नाही. दुसऱ्या दिवसापासून पडदा कोरा. डेटा होता, पण कुठल्या साच्यात ते कुणालाच ठाऊक नाही. कारकुनांनी जुन्या छापील याद्यांवरून साडेतीन महिने हाताने नोंदवह्या भरल्या. कार्यादेशात एकही ओळ नव्हती: कोड कुणाचा, डेटा कुठल्या रूपात परत मिळणार.

कॉपीराइट लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातो, तोंडी बोलून नाही. म्हणून नमुन्यात तीन गोष्टी घातल्या. कोड स्थानिक संस्थेचा, आणि बिल निघण्यापूर्वी तो परवान्यासह पारावर आलेला असावा. सगळा डेटा कोणत्याही साध्या स्प्रेडशीटमध्ये उघडेल अशा रूपात कधीही मागता यावा. देखभाल दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची मोकळीक. करणाऱ्याचे पैसे बुडवायचा इथे हेतू नाही. दुरुस्तीचे, शिकवण्याचे, बसवण्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत, आणि चांगले मिळाले पाहिजेत. अण्णांनी भाषा कार्यालयीन केली. एका मासिक सभेत तो पुढच्या महिन्यात ठेवला जाणार आहे.

४ ऑक्टोबर

बॅकअपवरून पूर्ण पार दुसऱ्या मशीनवर उभा करून पाहिला. फोर्जेजो उभा राहिला. वेबलेटचा डेटाबेस आला, पण भाषांतरासोबतची चित्रं आली नाहीत. तो फोल्डर बॅकअपमध्ये नव्हताच. घातला. पुन्हा केलं, पुरं आलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी हे करायचं.

२६ ऑक्टोबर

ऱ ची दुरुस्ती आता वेगळी काढून एक छोटी लायब्ररी (इतर सॉफ्टवेअरना जोडून वापरता येणारा कोड) केली आहे, कारण टँकर आणि दिवाबत्ती दोन्हींत तीच खोड निघाली. दिवाबत्तीत 'कोपऱ्यावरचा खांब' सापडत नव्हता. ळ चा क्रमही तिच्यातच नीट केला.

८ नोव्हेंबर, शनिवार

काल रात्री पारावर एक ठराव आला. सूचक आमच्यापैकी कुणी नाही. दुसऱ्या जिल्ह्यातला कुणी आहे, त्याने त्याच्या गावासाठी घरपट्टीचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं, आम्हाला पत्ताही नव्हता. त्याने लिहिलंय की ऱ ची तिसरी तऱ्हा तुमच्याकडून राहिली: र आणि खाली नुक्ता, मग हलंत. त्याच्या जुन्या याद्यांत ती आहे. युनिकोडच्या मते र आणि नुक्ता म्हणजे ऱ च, प्रमाणित रूपात आणलं की दोन्ही एक होतात. ते आम्ही करतच नव्हतो. त्याने एक ओळ घातली आहे आणि पाच तपासण्या. वर्णन शुद्ध मराठीत, 'सूचक' हा शब्दही वापरलाय.

मॅडमनी कोड पाहिला, बरोबर आहे. अनुमोदन कुणी द्यायचं? मी ताईंना फोन केला. त्यांचं खातं जुलैपासून आहे, तक्रारी त्याच नोंदवतात, पण अनुमोदन त्यांनी कधी दिलं नव्हतं. "मला कुठं कोड येतो," म्हणाल्या. कोड मॅडमनी वाचलाय, तुम्ही तुमच्या यादीवर चालवून बघा, असं म्हटलं. चाचणीची प्रत त्यांच्या कार्यालयातल्या संगणकावर मुलांनी लावून दिली.

दुपारी पावणेचारला ठरावाखाली त्यांची ओळ आली:

'आमच्या नमुना ८ वर चालवून पाहिलं. कऱ्हाडकर एकदाच येतात. कुऱ्हाडे, गोऱ्हे पण सापडले. आजोबांचं दुसरं खातं आज रद्द केलं. अनुमोदन.'